वखारीतलं स्टेशन

माणसांचे फोटो काढून काढून मला माणसांचा कंटाळा आला होता, हे आधीच सांगून टाकते. लग्नात नवरदेवाच्या मावसभावाला चारचारदा "जरा मागं सरका" म्हणायचं आणि तरी अल्बममध्ये तोच पुढे. नवरा गेल्यावर बेळगावच्या शहापुरातला स्टुडिओ माझ्या गळ्यात पडला, तेव्हा वाटलं होतं, वर्षभर चालवू आणि मग उचगावला माहेरी जाऊन भावाच्या रानात रताळी लावू. ते वर्ष अजून संपायचं आहे. मधे ड्रोन उडवणारी पोरं आली आणि लग्नं घेऊन गेली. माझ्याकडे उरले पासपोर्टचे फोटो आणि हार घालायचे फोटो. हार घालायचे म्हणजे कुणाच्या तरी बारशाच्या नाहीतर वास्तुशांतीच्या ग्रुप फोटोतून गेलेला माणूस वेगळा काढायचा, त्याच्या खांद्यावरचा शेजाऱ्याचा हात पुसायचा, मागे निळं आभाळ घालायचं आणि मोठा करून द्यायचा. या कामात माझा हात चांगला बसला आहे. बसू नये असं वाटतं, पण बसला आहे.

टिळकवाडीतल्या एका निवृत्त गार्डसाहेबांनी माळ्यावर छोटी रेल्वे मांडली होती. रूळ, पूल, सिग्नल, सगळं वीतभर उंचीचं. त्याचे फोटो काढायला त्यांनी बोलावलं आणि मी जन्मात पहिल्यांदा शांतपणे काम केलं. कुणी डोळे मिटत नाही, कुणाला हसा म्हणावं लागत नाही. कॅमेरा उभ्याने धरला तर ते खेळणंच दिसतं. म्हणून मी जोंधळ्याची पिशवी फलाटावर ठेवायची, तिच्यावर कॅमेरा टेकवायचा आणि स्वतः पोटावर पडायचं, म्हणजे त्या स्टेशनावर उभ्या असलेल्या माणसाला जे दिसेल तेच भिंगाला दिसतं. भिंगाचं छिद्र अगदी बारीक करायचं, तेव्हा जवळचा दगड आणि लांबचा डोंगर दोन्ही कोरीव येतात. मात्र छिद्र बारीक म्हणजे उजेड कमी, म्हणून शटर पाऊण-एक मिनिट उघडं ठेवायचं आणि आपण श्वास धरून बसायचं. शेवटी फोटोतला रंग काढून टाकायचा. रंगाबरोबर प्लॅस्टिकही निघून जातं, आणि जे उरतं त्याच्यावर माणूस डोळे झाकून विश्वास ठेवतो. त्यातले दोन फोटो मी स्टुडिओच्या शोकेसमध्ये लावले होते.

एक दिवस दुपारी एक म्हातारे गृहस्थ शोकेसच्या काचेला नाक लावून उभे दिसले. पांढरी टोपी, पांढरा सदरा. मान कोंबड्यासारखी तुकड्या-तुकड्याने फिरवत फोटो बघत होते. मी बाहेर येऊन म्हणाले, "काच पुसलीय आत्ताच."

"बाई, हे खरं स्टेशन न्हवं न्हवं?"

"नाही. खेळणं आहे."

"माझ्याकडंबी हाय एक," ते म्हणाले. "निपाणीचं."

"निपाणीला कुठं आलीय रेल्वे?"

"म्हणून तर," ते म्हणाले.

ते निपाणीचे जैन, तंबाखूचे जुने व्यापारी. गावात सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही तेच म्हणू लागले. धंदा बंद करून बरीच वर्षं झाली होती. डोळ्यांना काचबिंदू. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की कडेची नजर गेली आहे, मधली आहे तोवर आहे. "रंग आता मला सगळे एकच दिसत्यात," ते म्हणाले. "काळं आणि पांढरं तेवढं कळतंय. गुडघं वाकत न्हाईत, त्यामुळं खाली बसून बघायला येत न्हाय. उभ्यानं बघितलं की माझंच स्टेशन मला खेळणं वाटतंय. फलाटावर उभं ऱ्हाऊन गाडी येताना कशी दिसंल, तेवढा एक मोठा फोटो काढून द्या. डोळं हाईत तवर बघतो."

अशा कामाला नाही म्हणायला मी काही दगड नाही. संकेश्वर मागे टाकून, तवंदीचा घाट उतरून बस निपाणीला पोचते, तिथे मी कॅमेऱ्याची बॅग, तिपाई आणि जोंधळ्याची पिशवी घेऊन उतरले.

घराच्या मागे त्यांची तंबाखूची वखार होती. तंबाखू जाऊन इतकी वर्षं झाली तरी दार उघडताच वास नाकात घुसला आणि मी लागोपाठ शिंकले. त्याला आणखी एक कारण होतं. अण्णांनी डोंगर थर्माकोलचे केले होते, पण वरची माती म्हणून वखारीच्या फटींतून झाडून काढलेली तंबाखूची भुकटी डिंकावर पसरली होती. रंग हुबेहूब आमच्या भागातल्या उन्हाळी रानाचा. पलीकडे घाट, घाटात बोगदा, बोगद्यातून निघून रूळ वळसा घेत स्टेशनात येत आणि परत बोगद्यात जात. कौलारू इमारत, पाण्याची टाकी, सिग्नल, लोखंडी बाक, हातगाडी. सगळं पत्रा, पुठ्ठा आणि जुन्या खोक्यांच्या फळ्यांतून केलेलं. इंजिन आणि तीन डबे तेवढे भाच्याने परदेशातून आणून दिलेले. स्टेशनाच्या दोन्ही टोकांना पिवळे फलक होते आणि दोन्ही कोरे.

"नाव नाही घातलं?"

"वर मराठी घालू का कन्नड घालू?" अण्णा म्हणाले. "कायबी घातलं तरी भांडाण. माझ्या वखारीत तरी नको."

मी हसले. मग जरा वेळाने लक्षात आलं की फलाटावर माणूस नाही. गार्डसाहेबांच्या स्टेशनावर हमाल होते, चहावाला होता, छत्री धरलेली बाईसुद्धा होती. इथे बाक रिकामा, हातगाडी रिकामी. टाकी आणि सिग्नलच्या मधे एका खऱ्या कोळ्याने जाळं विणलं होतं, वस्तीला म्हणाल तर तेवढाच. ते मी फुंकर मारून काढणार, तर अण्णांनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे. त्येचं घर हाय."

त्यांनी बटण फिरवलं. बोगद्यातून गाडी आली, वळसा घेतला, फलाटाला लागली आणि न थांबता निघून गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. सतरंजीवरून कुणी तरी सुईदोरा ओढत न्यावा तसा तिचा बारीक आवाज होता. मी पोटावर पडून फलाटाच्या उंचीवरून बघत होते, आणि रिकाम्या डब्यांच्या खिडक्या माझ्या डोळ्यांसमोरून सरकत जात होत्या तेव्हा मला खरंच भीती वाटली. भर दुपारी, पन्नाशी उलटलेल्या बाईला, खेळण्याची भीती.

"आता थांबवा," मी म्हणाले. "फलाटाला थांबवा, म्हणजे घेते."

"थांबवायची न्हाय."

"अहो, चालती गाडी फोटोत येत नाही. शटर मिनिटभर उघडं असतं. जे हलतं ते पुसून जातं."

"बघा काढून."

काढला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बाक आला, टाकी आली, जाळ्याचा धागा न् धागा आला. रुळांवर मात्र धुरकट पट्टा. अण्णांनी पडदा डोळ्याजवळ नेला, मान तुकड्या-तुकड्याने फिरवली आणि म्हणाले, "गाडी आली न्हाय की."

निपाणीत हे वाक्य मी टपरीवर, बसमध्ये, स्टँडवर ऐकलेलं आहे. सगळं गाव कित्येक वर्षं तेच म्हणत आलं आहे. पण अण्णांनी ते असं म्हटलं, जणू काल संध्याकाळी यायची होती.

दिवसभर हेच चाललं. मी चिडले, समजावलं, पुन्हा चिडले. वेग कमी केला, वाढवला. गाडी बोगद्यात गेली की ते बंद करत, स्टेशनात कधीच नाही. दिवा लावू म्हटलं तर तेही नको, किडे येऊन भाजून मरतात. ऊन कलायला लागलं आणि वखारीच्या पश्चिमेच्या झरोक्यातून तिरपा उजेड थेट फलाटावर पडला. सबंध दिवसात तेवढाच उजेड कामाचा होता. नेमके तेव्हा अण्णा उठले. सूर्य बुडायच्या आत जेवण झालं पाहिजे, ही त्यांची जन्माची रीत. गाडी त्यांनी बोगद्यात घातली, बटण बंद केलं आणि म्हणाले, "मी न्हाय तवर लावू नका."

मी रिकाम्या स्टेशनाचा एक फोटो घेऊन परत आले.

तो फोटो शोकेसमध्ये लावला आणि वेगळीच गंमत सुरू झाली. खानापूरकडची एक बाई पासपोर्टच्या फोटोला आली होती, ती म्हणाली, हे आमचं देसूर स्टेशन. दुसरा म्हणाला, पाच्छापूर, माझा मामा होता तिथं. सांबऱ्याचा एक गृहस्थ तर टाकीकडे बोट दाखवून सांगू लागला की लहानपणी या टाकीखाली आपण आंघोळ केली आहे. कोरा फलक, ज्याने त्याने आपलं गाव लिहून घेतलं. इथवर मी हसत होते. मग निपाणीचा एक म्हातारा आला. फोटोपुढे उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "आमचं जुनं स्टेशन. लई वर्सांनी बघितलं."

"निपाणीला स्टेशन कधीच नव्हतं, आजोबा."

"मी गेलतो की," तो म्हणाला. "वडलांचा हात धरून." आणि डोळे पुसत निघून गेला. त्यानंतर मी तो फोटो शोकेसमधून काढून ठेवला.

पुढच्या खेपेला सकाळीच पोचले. अण्णा देवळात गेले होते, म्हणून मी स्वयंपाकघरात बसले. त्यांच्या बायकोला सगळा गाव आक्का म्हणतो. उंच, हडकुळ्या, डोक्यावरचा पदर कधी न ढळणाऱ्या बाई. पहिल्या खेपेला त्यांनी चहा दिला होता पण वखारीच्या उंबऱ्याशी येऊन, आत नाही. आज गाळलेलं पाणी मोठ्या पातेल्यात उकळत होतं. मी सवयीने भिंती बघत होते. माझ्या धंद्यात माणूस घरात शिरला की आधी हार घातलेले फोटो मोजतो. सासू होती, सासरे होते, त्यांच्या पलीकडे जागा सोडल्यासारखी मोकळी भिंत होती.

"बघतीस काय?" आक्का म्हणाल्या. "त्येचा लावला न्हाय. ह्यांनी लावू दिला न्हाय."

मग त्यांनी सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

"आमचा पोरगा कोल्हापूरला कॉलेजात होता. शनवारी यायचा एसटीनं. मी जायची स्टँडवर आणायला. लाजायचा गं. म्हणायचा, आक्का, मी काय बालवाडीत हाय काय. तरी जायची मी. उतरला की हात धरायची, त्यो सोडवून घ्यायचा." त्यांनी पातेल्याखालचा गॅस बारीक केला. "मग सीमेवर कायतरी झालं आणि गाड्या बंद पडल्या. सारखंच की ते. कोगनोळीच्या नाक्यावर उतरायचं, चालत पलीकडं जायाचं, तिकडची गाडी धरायची. लई हाल. म्हणून ह्यांनी मोटारसायकल घेऊन दिली. मी नको म्हणाले. मोटारसायकलला स्टँड असतंय व्हय? मी आणायला जायाचं कुठं?"

कोगनोळीकडे त्यांनी नुसती मान केली. मोटारसायकल तिथवरच पोचली होती.

"रेल्वे असती तर त्यो रेल्वेनं आला असता, असं ह्येंच्या मनात बसलंय. रेल्वेला नाक्यावर कोण अडवतंय?"

"मग ते गाडी स्टेशनात थांबवत का नाहीत, आक्का?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की एवढं शिकून तुला एवढंही कळत नाही. "थांबली तर दार उघडाय लागतंय न्हवं? उघडलं आणि कोणच उतरलं न्हाय तर?"

मी चहाचा रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

त्या दिवशीही दिवसभर गाडी धावली आणि दिवसभर पुसून गेली. अण्णांची मधली नजरही आता पातळ झाली होती. कॅमेऱ्याचा पडदा ते नाकाला टेकवत. दर वेळी तेच. "गाडी आली न्हाय की." आता मला ते ऐकवेना. झरोक्यातला उजेड फलाटावर आला तसे ते जेवायला उठले. जाताना पुन्हा बजावलं. बटण माझ्या हाताशी होतं आणि माझा हात शिवशिवत होता, खोटं कशाला बोलू. पण ज्या माणसाने इतकी वर्षं ती गाडी थांबवली नाही, त्याच्या पाठीमागे ती थांबवणारी मी कोण? मी दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले.

वाफेसाठी मी सकाळी आक्कांकडे कढत पाणी मागून ठेवलं होतं. वाफ गाडीच्या मागे सोडली की काळ्या-पांढऱ्यात ती इंजिनाची वाटते. पाणी त्या उंबऱ्याशी ठेवतील असं वाटलं होतं. पण दार ढकललं गेलं आणि आक्का पातेलं पदराने धरून आत आल्या. चतुर्दशी होती, त्यांचा उपवास. नवऱ्याला वाढून झालं होतं आणि स्वतःला जेवायचं नव्हतं, म्हणून त्या मोकळ्या होत्या. नाहीतर त्या वेळेला त्या घरात कुणी पानावरून हलत नाही.

त्यांनी पातेलं बोगद्यामागे ठेवलं आणि फलाटासमोर उभ्या राहिल्या. वर्षानुवर्षं भिंतीपलीकडून तो आवाज ऐकलेला, बघत पहिल्यांदा होत्या.

"गाडी कुठाय?"

"बोगद्यात."

"आण की."

"अण्णांनी मनाई केलीय."

"मला न्हाय केली," त्या म्हणाल्या आणि बटण त्यांनीच फिरवलं. घरात रेडिओचं बटण फिरवावं तसं, सहज. गाडी आली. वळसा घेतला. पहिला डबा बाकासमोर आला आणि आक्कांनी बटण मागे घेतलं. गाडी थांबली.

इतकी शांतता झाली की पातेल्यातल्या पाण्याचं सळसळणं ऐकू आलं. मी पोटावर पडले, भिंग नीट केलं. वाफ बोगद्यावरून हळूहळू खाली येत होती, झरोक्याचा उजेड तिच्यातून डब्यावर पडला होता. मी शटर उघडलं.

फोटो चालू असताना चौकटीत कुणी बोट जरी घातलं तरी मी आरडाओरडा करते, स्टुडिओत मदतीला असलेली पोरगी साक्षीला आहे. आक्का वाकल्या. त्यांनी उजवा हात पुढे केला आणि डब्याच्या दाराशी, फलाटावर, तळवा वर करून धरला. पायरी उंच असली की उतरणाऱ्याला आपण हात देतो, तसा. मी ओरडले नाही. श्वास रोखून बघत राहिले. थोडा वेळ हात तिथेच होता, मग त्यांनी बोटं मिटली आणि हात हळूच मागे घेतला. शटर बंद झालं.

"झाला तुझा फोटो?"

"झाला, आक्का."

त्यांनी गाडी परत बोगद्यात घातली, पातेलं उचललं आणि गेल्या. तेवढ्यात झरोक्यातला उजेडही उतरला, दुसरा फोटो घेता आला नाही.

बेळगावला येऊन तो संगणकावर उघडला. गाडी आली होती. इंजिनाचा खिळा न् खिळा दिसत होता, वाफ खरी होती, बाकाची सावली खरी होती. आणि पहिल्या डब्याच्या दाराशी पांढरं काहीतरी उभं होतं. हात अर्धा वेळच तिथे होता, म्हणून तो हात दिसत नव्हता. आरपार दिसणारं, डब्याच्या मापाने माणसाएवढं उंच, कडा विरलेलं काहीतरी होतं. ते पुसणं माझ्या हातचा मळ. किती खांद्यांवरचे किती हात मी पुसले असतील. माऊस हातात धरून मी बराच वेळ बसले आणि शेवटी आहे तसाच मोठा छापून घेतला.

निपाणीपर्यंत बसमध्ये मनात एकच चाललं होतं. अण्णांना खोटं वाटलं तर? की खरं वाटलं तर? दोन्हींपैकी कशाची भीती जास्त होती ते मला आजही सांगता येणार नाही. अण्णा वखारीच्या दारात पश्चिमेकडे तोंड करून खुर्चीवर बसले होते. फोटो मी त्यांच्या मांडीवर दिला. त्यांनी तो डोळ्याशी धरला आणि एका कोपऱ्यातून सुरुवात केली, चिठ्ठी वाचावी तसा तो फोटो ते वाचत निघाले.

"सिग्नल," ते म्हणाले. "टाकी. जाळं आलंय की. बाक." मग कागद जरा सरकवला. "गाडी."

मी मान हलवली, ती त्यांना दिसली नसणार.

"थांबलीय."

"हो, अण्णा."

मला वाटलं आता रागावतील. ते रागावले नाहीत. फोटो आणखी जवळ घेतला, इतका की कागद त्यांच्या श्वासाने हलत होता. डब्याच्या दाराशी त्यांची नजर आली आणि तिथेच राहिली. मागे स्वयंपाकघरात ताट मांडल्याचा आवाज झाला, जेवणाची वेळ झाली होती.

"बाई," त्यांचा आवाज बारीक झाला होता, "कोण उतरलंय?"

मी तोंड उघडलं, पण आक्का आतून उंबऱ्याशी आल्या होत्या. पदराला हात पुसत त्या म्हणाल्या, "मी गेलते आणायला."

आक्का त्यांच्या खुर्चीशेजारी उंबऱ्यावर बसल्या. आत ताट वाढलेलं होतं, त्याची आठवण दोघांनीही केली नाही, मीही केली नाही. फोटो डोळ्याशी धरून ते बसून राहिले, उजेड कमी होत गेला तसा तो आणखी जवळ नेत राहिले, आणि सूर्य बुडाला. त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत.